उसन्या गतीचा आक्षेप

वेबपानावर हलणारी चित्रे, उलगडणारी अक्षरे आणि वाढत जाणारे आलेख कोडमधून घडवण्यासाठी आज कितीतरी लायब्रऱ्या मोफत मिळतात. त्यांच्याविषयी एक मत शिक्षकांत, डिझायनरांत आणि कंपन्यांमधल्या वरिष्ठांत इतके रुजले आहे की लोक ते मत म्हणून सांगतच नाहीत, वस्तुस्थिती म्हणून सांगतात. ते असे की या लायब्रऱ्या वापरून केलेले काम उसने असते; कारागिरी दुसऱ्याची आणि श्रेय आपले. ज्याला अ‍ॅनिमेशन येते तो हाताने चित्र काढतो, ज्याला प्रोग्रामिंग येते तो सगळे स्वतः लिहितो, आणि ज्याला दोन्ही येत नाही तो लायब्ररी उतरवून घेतो. या मताला आणखी काही आक्षेप जोडून येतात. मोफत वस्तू टिकत नाही. तिच्यामुळे सगळी संकेतस्थळे एकसारखी झाली. हलणारे पान ही चैन आहे, साध्या फोनवरच्या वाचकाला तिचा उपद्रवच होतो. आणि या सगळ्याच्या तळाशी एक गृहीतक असते: या व्यवहारात भारतातला माणूस घेणारा आहे, देणारा कधीच नव्हता.

मला हे मत मुळापासून चुकीचे वाटते, आणि चेन्नईत काम करणाऱ्या माणसांनी ते मानावे याचे तर दुःख होते. चित्र नियमांच्या भाषेत लिहिता येते, या कल्पनेवर या सगळ्या लायब्रऱ्या उभ्या आहेत. त्या कल्पनेवर याच शहरात अर्धशतकापूर्वी पायाभूत काम झाले आहे. त्या कामाकडे मी येणारच आहे. पण आधी पूर्वपक्ष त्याच्या पूर्ण ताकदीनिशी मांडायला हवा.

पूर्वपक्षाकडे पुरावा नाही असे नाही. पान खाली सरकवताच मजकुराचे तुकडे खालून वर तरंगत येतात, आकडे शून्यापासून धावत मोजले जातात, पार्श्वभूमी संथपणे मागे सरकते. पान बँकेचे असो, शाळेचे असो की मंगल कार्यालयाचे, हालचाल तीच असते. अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षातला विद्यार्थी प्रकल्पात तीन-तीन लायब्रऱ्या जोडतो, पण चेंडू उडवून खाली आणायला कोणते समीकरण लागते ते त्याला सांगता येत नाही. एकेकाळी गाजलेल्या व्हेलॉसिटी या लायब्ररीचे काम थंडावले आणि तिच्यावर विसंबलेल्यांना दुसरी वाट शोधावी लागली. स्वस्त फोनवर, अडखळत्या नेटवर्कवर जड जावास्क्रिप्ट ओढणारे पान वाचकाचा वेळही खाते आणि डेटाही. ही सगळी निरीक्षणे खरी आहेत. त्यांतून काढलेला निष्कर्ष मात्र टिकत नाही.

मुख्य आक्षेप उसनेपणाचा आहे, म्हणून लायब्ररीत नेमके काय असते ते आधी पाहू. ब्राउझर साधारणपणे सेकंदाला ६० वेळा पान नव्याने रंगवतो, म्हणजे एका चौकटीला सुमारे १६.७ मिलिसेकंद मिळतात. प्रत्येक चौकटीपूर्वी लायब्ररी एकच हिशेब करते. वस्तू कुठून निघाली, कुठे पोचायची आहे, एकूण वेळ किती आणि त्यातला सरला किती? सरलेल्या वेळेचा शून्य ते एक यांमधला अंश काढायचा, तो एका सूत्रात घालायचा आणि जो आकडा येईल तितकी वस्तू पुढे न्यायची. या सूत्राला ईझिंग म्हणतात. अंशाचा वर्ग केला तर वस्तू हळू निघते आणि वेग घेत जाते. एकातून अंश वजा करून बाकीचा घन केला आणि तो पुन्हा एकातून वजा केला, तर वस्तू झपाट्याने निघून अलगद थांबते. रॉबर्ट पेनर यांनी फ्लॅश या वेब-अ‍ॅनिमेशनच्या साधनासाठी अशी सूत्रे लिहिली, २००२ च्या आपल्या पुस्तकात ती समजावून सांगितली आणि बीएसडी परवान्याखाली सर्वांना खुली केली. नंतरच्या कितीतरी लायब्रऱ्यांत ती सूत्रे या ना त्या रूपात वावरतात. डिस्नेच्या चित्रकारांनी हाताने काढलेल्या हजारो चौकटींतून हळू निघण्याचे आणि हळू थांबण्याचे जे तत्त्व जोपासले, त्याचे हे गणिती रूप आहे.

म्हणजे या लायब्रऱ्यांत चित्र नसते, पात्र नसते, प्रसंगही नसतो. काळाचा हिशेब असतो, निरनिराळ्या ब्राउझरांतले फरक सांभाळण्याची व्यवस्था असते आणि अनेक हालचाली एकामागून एक किंवा एकत्र लावण्याची सोय असते. काय हलावे, कशासाठी हलावे आणि कधी थांबावे, हे ठरवणे वापरणाऱ्याकडेच राहते. आणि कला म्हणून जे काही असते ते तिथेच असते. दादासाहेब फाळक्यांनी १९१२ मध्ये मटारच्या दाण्यातून उगवणारे रोप एकेक चौकट टिपून पडद्यावर वाढवून दाखवले, आणि पुढे काड्यापेटीतल्या काड्या हलवून ‘आगकाड्यांची मौज’ केली. त्यांचा विल्यमसन कॅमेरा लंडनहून आणलेला होता, कच्ची फिल्मही परदेशी होती. त्यावरून फाळक्यांची कला उसनी ठरवणारा मराठी माणूस सापडणार नाही. यंत्र आणि साहित्य दुसऱ्याचे असले तरी दृष्टी आणि निवड स्वतःची असू शकते, हे सिनेमाच्या बाबतीत आपण शंभर वर्षे मानत आलो आहोत. कोडच्या बाबतीत वेगळा न्याय लावण्याचे कारण कोणी सांगितलेले नाही.

आता चेन्नईकडे येतो. मार्गळी महिन्यात, म्हणजे डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या मध्यापर्यंत, मैलापूरच्या गल्ल्यांत पहाटे दारापुढे सडा पडतो आणि त्यावर पिठाच्या रेषांनी कोलम उमटतो. आपल्या ठिपक्यांच्या रांगोळीशी त्याचे नाते उघड आहे. पण आपल्याकडे बहुधा रेघ ठिपक्याला ठिपका जोडत जाते, तर सिक्कु कोलम किंवा कंबी कोलम या प्रकारात रेषा ठिपक्यांना शिवत नाही. त्यांच्याभोवती वळसे घेत जाते आणि निघाल्या जागी येऊन मिळते. ठिपक्यांची मांडणी बदलली की आकृती बदलते, वळशांचे नियम तेच राहतात. घरोघरच्या बायकांनी हे नियम सांभाळले, एकमेकींना शिकवले आणि वाढवले. त्यांवर कोणाचा हक्क नोंदलेला नाही, आणि म्हणूनच ते आजवर जिवंत राहिले.

तांबरमच्या मद्रास ख्रिश्चन कॉलेजात गिफ्ट सिरोमनी संख्याशास्त्र आणि राणी सिरोमनी गणित शिकवत. नोम चॉम्स्की यांनी वाक्यरचनेसाठी मांडलेली औपचारिक व्याकरणे तोवर संगणकशास्त्रात आली होती, पण ती एका ओळीत चालणाऱ्या चिन्हांपुरती होती. या दांपत्याने कमला कृतिवासन यांच्यासह ती आडव्या-उभ्या जाळ्यावर, म्हणजे द्विमितीय चित्रांवर नेली आणि उदाहरणाला दारापुढचा कोलम घेतला. ‘अ‍ॅरे ग्रामर्स अँड कोलम’ हा त्यांचा निबंध १९७४ मध्ये ‘कॉम्प्युटर ग्राफिक्स अँड इमेज प्रोसेसिंग’ या आंतरराष्ट्रीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. पुढे कंबी कोलमचा अभ्यास करताना सिरोमनींनी रेषा काढणाऱ्या हाताच्या हालचालींनाच चिन्हे दिली: सरळ पुढे जाणे, डावीकडे किंवा उजवीकडे कमी-अधिक वळसा घेणे. अख्खा कोलम मग या चिन्हांच्या एका ओळीत लिहिता येऊ लागला. पडद्यावर रेषा हळूहळू काढत नेणाऱ्या आजच्या कोडला नेमके हेच लागते, आकृतीपेक्षा आकृती काढण्याचा क्रम.

हे काम तांबरमपुरते राहिले नाही. हंगेरीत जन्मलेले जीवशास्त्रज्ञ अ‍ॅरिस्टिड लिंडेनमायर यांनी १९६८ मध्ये सजीवांच्या वाढीचे वर्णन करण्यासाठी एका चिन्हाच्या जागी अनेक चिन्हे ठेवत जाण्याची पद्धत मांडली होती. प्रझेमिस्लाव प्रुसिंकिएविच यांनी १९८० च्या दशकात तिला संगणकचित्रांचे रूप दिले, तेव्हा फांद्या आणि पानांबरोबर त्यांनी कोलमही काढले आणि सिरोमनींच्या संशोधनाचा आधार नोंदवला. कृष्णाचे पैंजण म्हणून ओळखली जाणारी आकृती एकाच बदल-नियमाने आणि ४५ अंशांच्या वळणाने तयार होते. जगभरातले विद्यार्थी मुक्त लायब्रऱ्यांच्या मदतीने अशा आकृत्या काढायला शिकतात, तेव्हा त्यांत ती हमखास भेटते. घेणारा कोण आणि देणारा कोण, हा प्रश्न इथे आक्षेप घेणाऱ्यालाच विचारायला हवा.

चेन्नईतल्या सदनिकांच्या उंबरठ्यांवर हल्ली प्लास्टिकचे कोलम-स्टिकर चिकटवलेले दिसतात. स्टिकर कितीही सुबक असला तरी त्यातून दुसरा कोलम निघत नाही. ठिपके आणि वळसे ज्याला कळले त्याच्या हातून मात्र कधीच न पाहिलेली आकृतीही उतरते. मुक्त लायब्ररी या दुसऱ्या बाजूची आहे. तिच्यातला नियम वाचता येतो, बदलता येतो, पुढे देता येतो. उसनेपणाचा आक्षेप घ्यायचाच असेल तर तो विकत आणून जसाच्या तसा लावलेल्या तयार टेम्पलेटवर घ्यावा. तिथे तो योग्य ठरेल.

दुसरा आक्षेप टिकाऊपणाचा. मागे कंपनी असली की साधन टिकते, नाहीतर नाही, असे म्हणतात. इतिहासाची साक्ष उलटी आहे. वेबवरच्या अ‍ॅनिमेशनवर दशकभराहून अधिक काळ फ्लॅशचे राज्य होते आणि त्यामागे आधी मॅक्रोमिडिया व नंतर अ‍ॅडोबी अशा भक्कम कंपन्या होत्या. अ‍ॅडोबीने २०१७ मध्ये फ्लॅशची अखेर जाहीर केली, ३१ डिसेंबर २०२० ला आधार काढून घेतला आणि १२ जानेवारी २०२१ पासून फ्लॅश प्लेअरने मजकूर दाखवणेच थांबवले. मुलांचे खेळ, विज्ञानाचे प्रयोग, अ‍ॅनिमेटरांची वर्षानुवर्षांची कामे एका तारखेला बंद झाली. त्यांतली बरीच आज पुन्हा पाहता येतात, याचे मोठे श्रेय रफल या मुक्त प्रकल्पाला आहे. फ्लॅशचे काम करणारे साधन त्याच्या कार्यकर्त्यांनी रस्ट या भाषेत नव्याने लिहून काढले. उलट जॉन रेसिग यांची २००६ ची जेक्वेरी, रिकार्डो काबेयो यांची २०१० ची थ्री-जेएस आणि माइक बोस्टॉक यांची २०११ ची डी-थ्री आजही चालतात. व्हेलॉसिटीचे काम थंडावले तरी तिचा कोड कोणी परत घेतला नाही. तिच्यावर उभी असलेली पाने एका रात्रीत बंद पडली नाहीत, आणि एमआयटी परवान्यामुळे तो कोड उचलून पुढे नेण्याचा अधिकार कोणालाही आहे. मालकाने साधन बंद केले तर आपल्या हातात काहीच उरत नाही. देखभाल करणारा थकला तर कोड उरतो आणि दुरुस्तीची जबाबदारी आपल्यावर येते. ही जबाबदारी नको असेल तर तसे म्हणावे. साधन टिकत नाही असे म्हणू नये.

इथे मुक्त लायब्रऱ्यांच्या बाजूने बोलणाऱ्यांनाही एक गोष्ट सांगायला हवी. किंमत शून्य दिसली की परवाना न वाचण्याची सवय घातक आहे. जॅक डॉयल यांच्या ग्रीनसॉकची जीसॅप ही या क्षेत्रातली अत्यंत समर्थ लायब्ररी. वेबफ्लो कंपनीने २०२४ मध्ये ग्रीनसॉक विकत घेतली आणि २०२५ मध्ये पूर्वी पैसे मोजून मिळणाऱ्या सर्व जोडण्यांसह जीसॅप मोफत केली. ही स्वागतार्ह गोष्ट आहे. पण तिचा परवाना एमआयटी नाही, कंपनीचा स्वतःचा आहे. वेबफ्लोच्या दृश्य अ‍ॅनिमेशन साधनांशी स्पर्धा करणाऱ्या साधनात ती वापरायला त्यात मनाई आहे. ज्युलियन गार्निए यांच्या अ‍ॅनिमे-जेएसला किंवा थ्री-जेएसला असे बंधन नाही, कारण त्या एमआयटी परवान्याखाली आहेत. लॉरेन मॅकार्थी यांनी सुरू केलेल्या पी-फाइव्ह-जेएसला एलजीपीएल परवाना आहे. त्यात लायब्ररीत केलेले बदल वाटताना ते खुले ठेवावे लागतात. साधे संकेतस्थळ करणाऱ्याला या फरकाने आज काही अडणार नाही. पण ज्या कंपनीला उद्या स्वतःचे अ‍ॅनिमेशन-साधन बाजारात आणायचे आहे तिला नक्की अडेल. जुन्या महाबलीपुरम रस्त्यावर सॉफ्टवेअर उत्पादने घडवणाऱ्या कंपन्या कमी नाहीत. त्यांच्यासाठी परवाना वाचणे हा कामाचाच भाग आहे.

तिसरा आक्षेप सारखेपणाचा. पाने सारखी दिसतात हे मान्य. पण कारण लायब्ररी नाही. डी-थ्रीने केलेला निवडणुकीचा आलेख, थ्री-जेएसमधली फिरवून पाहता येणारी मूर्ती आणि पी-फाइव्हमध्ये विद्यार्थ्याने काढलेले वाऱ्यावर हलणारे गवत यांत काय सारखे आहे? सारखेपणा येतो तो लायब्ररीने उदाहरणादाखल दिलेली मूल्ये कोणी हात न लावता ठेवतो तेव्हा. अमुक पानासारखे करून द्या, असे ग्राहक सांगतो तेव्हा. आठवड्याचे काम दोन दिवसांत मागितले जाते तेव्हा. जानेवारीत मैलापूर महोत्सवात नॉर्थ माडा स्ट्रीटवर कोलमची स्पर्धा भरते. परंपरा एक, माध्यम एक, रस्ता एक. तरी शेजारी-शेजारी बसलेल्या दोघींचा कोलम सारखा नसतो. नियम सगळ्यांचा असला की निर्मिती एकसारखी होते, हे म्हणणे त्या रस्त्यावर टिकणार नाही.

चौथा आक्षेप हालचाल ही चैन असल्याचा. याचा अर्धा भाग मला मान्य आहे. कारणाशिवाय हलणारी वस्तू वाचकाचे लक्ष चोरते, आणि कानातल्या तोल सांभाळणाऱ्या यंत्रणेचा विकार असलेल्या माणसाला मोठ्या हालचालींनी घेरी येऊ शकते, मळमळू शकते. पण याचा उपाय ठाऊक आहे आणि तो मोफत आहे. वापरणाऱ्याने फोनवर किंवा संगणकावर हालचाल कमी ठेवण्याची पसंती नोंदवली असेल तर ती पानाला कळण्याची सोय सफारी ब्राउझरमध्ये २०१७ मध्ये आली आणि नंतर इतर ब्राउझरांतही. २०१८ च्या सुलभता-निकषांच्या २.१ आवृत्तीत क्लिक-स्पर्शातून सुरू होणारे अनावश्यक अ‍ॅनिमेशन बंद करता यावे, असा निकष आहे. चांगल्या लायब्रऱ्यांत ही पसंती पाळण्याची व्यवस्था तयार मिळते. ती वापरणे काही ओळींचे काम आहे. वेगाचेही तसेच. वस्तूची रुंदी किंवा पानावरची जागा बदलत राहिले की ब्राउझरला मांडणी पुन्हा पुन्हा मोजावी लागते. तीच वस्तू रूपांतराच्या गुणधर्माने सरकवली आणि पारदर्शकतेने उमटवली तर हे मोजणे टळते आणि साधा फोनही तग धरतो. हे ज्ञान लायब्रऱ्यांच्या खुल्या कोडमध्ये आणि त्यांच्या दस्तऐवजांत लिहिलेले आहे. पान जड होते याचा दोष ते न वाचणाऱ्याकडे जातो.

आणि हालचाल नेहमीच सजावट नसते. हृदयाचे ठोके, ग्रहणाची भूमिती, आकडे क्रमाने लावण्याच्या दोन पद्धतींतला फरक हे स्थिर चित्रात सांगायला पानभर मजकूर लागतो आणि तरी विद्यार्थ्याला चटकन कळत नाही. तिथे हलते चित्र हा विषय समजण्याचा सर्वांत जवळचा रस्ता असतो. चिनी लिपीसाठी हान्झी-रायटर नावाची मुक्त लायब्ररी आहे. ती अक्षरातला एकेक फराटा योग्य क्रमाने काढून दाखवते आणि शिकणाऱ्याला तो गिरवू देते. यामागची युक्ती साधी आहे. रेषेची पूर्ण लांबी मोजायची, तेवढ्याच लांबीची रिकामी फट तिच्यावर ठेवायची आणि ती फट हळूहळू सरकवायची. पाहणाऱ्याला रेषा काढली जात असल्याचे दिसते. ‘अ’चे वळण कुठून सुरू होते आणि शिरोरेघ शेवटी का येते, हे न्यू जर्सीतल्या किंवा चेन्नईतल्या मराठी घरातल्या मुलाला याच युक्तीने दाखवता येईल. याला चैन म्हणणाऱ्याने एकदा पाटी घेऊन अशा मुलाजवळ बसावे.

पाचवा आक्षेप, आपण केवळ वापरणारे आहोत हा, मला सर्वांत जास्त सलतो, कारण तो ऐकून ऐकून आपण खरा करत चाललो आहोत. एक व्यवहारातले उदाहरण देतो. शीर्षकातले एकेक अक्षर क्रमाने उमटवण्याचा परिणाम फार लोकप्रिय आहे. त्यासाठी शब्दाचे तुकडे करावे लागतात, आणि पुष्कळ साधनांनी ते इंग्रजीच्या हिशेबाने केले: संगणकातील एक चिन्ह म्हणजे एक अक्षर. ‘प्रार्थना’ हा शब्द या रीतीने तोडला तर नऊ तुकडे होतात. हलन्त चिन्ह एकटे पडते, काना एकटा पडतो, रफार सुटून जातो आणि पडद्यावर रिकाम्या ठिपक्यांच्या वर्तुळांसह अगम्य काहीतरी उमटते. युनिकोडच्या जुन्या नियमाने त्याचे पाच तुकडे होत. २०२३ च्या १५.१ आवृत्तीत देवनागरीसह काही भारतीय लिप्यांची जोडाक्षरे अखंड ठेवणारा नियम आला, आणि आपण बोटांवर मोजू तशी तीन अक्षरे झाली: प्रा, र्थ, ना. शब्द योग्य जागी तोडून देणारी सोय ब्राउझरांत आता अंगचीच आहे. एप्रिल २०२४ मध्ये फायरफॉक्समध्येही ती आल्यावर सर्व प्रमुख ब्राउझरांत ती झाली.

आता विचार करा. साधन बंदिस्त असते तर मराठी माणसाला कंपनीला विनंतीपत्र लिहून वाट पाहावी लागली असती, आणि मराठी हा तिच्या यादीत कितव्या क्रमांकाचा विषय असता ते सांगायला नको. कोड खुला असल्यामुळे दोष कोणत्या ओळीत आहे ते आज दाखवता येते, ती ओळ बदलता येते आणि बदल मूळ प्रकल्पाकडे पाठवता येतो. तो स्वीकारला गेला तर मराठीबरोबर हिंदी, नेपाळी, बंगाली आणि तेलुगू वाचकांचेही काम होते. हे योगदान इंग्रजी वाचणाऱ्या प्रोग्रामरला सुचणार नाही, कारण त्याच्या डोळ्यांना दोष दिसतच नाही. तो आपल्यालाच दिसतो.

चेन्नईला हे नवीन नाही. मुक्त सॉफ्टवेअरसाठी राष्ट्रीय संसाधन केंद्र अण्णा विद्यापीठाच्या एयू-केबीसी संशोधन केंद्रात आणि सी-डॅकच्या चेन्नई शाखेत २००५ मध्ये उभे राहिले. भारतीय भाषांना आधार देणारी बॉस लिनक्स ही कार्यप्रणाली सी-डॅकने याच शहरातून २००७ मध्ये आणली. याच शहरातल्या पेंटामीडिया ग्राफिक्सचा सिंदबादवरचा अ‍ॅनिमेशनपट २००० साली आला, तो पूर्णपणे मोशन-कॅप्चरवर बेतलेला होता. त्या वेळी पडद्यावर काही हलवायचे तर असा स्टुडिओ, अशी यंत्रे आणि असे भांडवल लागे. आज तांबरमच्या वसतिगृहातल्या मुलीला जुना लॅपटॉप आणि ब्राउझर पुरतो. दोन्हींची भव्यता सारखी आहे असे मी म्हणत नाही. पण आरंभ करण्याचा अधिकार भांडवलाच्या हातून सुटून तिच्या हातात आला, आणि तो मुक्त लायब्रऱ्यांनी दिला.

शेवटचा आक्षेप अगदी ताजा आहे. कृत्रिम बुद्धिमत्ता मागाल ते अ‍ॅनिमेशन लिहून देते, मग या लायब्रऱ्या शिकायच्या कशाला? तिने लिहून दिलेला कोड उघडून पाहा. पुष्कळदा त्यात याच लायब्रऱ्यांना हाक मारलेली असते, याच सूत्रांचा वापर असतो, आणि जोडाक्षरे तोडण्याची जुनी चूकही असू शकते. दिलेले उत्तर योग्य आहे की नाही हे ठरवायला आतले गणित कळावे लागते. साधन जितके झटपट, तितकी ही समज अधिक लागते.

आता माझा पक्ष. कोडमध्ये लिहिलेली गती हा एक नियम आहे, आणि नियम वाटल्याने कमी होत नाही, वापरल्याने सुधारतो. म्हणून त्याची योग्य जागा सार्वजनिक आहे. लायब्ररी वापरणे हा कमीपणा नाही; ती न वाचता वापरणे हा आहे. पूर्वपक्षाने दाखवलेले दोष खरे असतील तर त्यांवरचा उपाय लायब्ररी टाळण्यात नाही, तिच्या आत शिरण्यात आहे. महाविद्यालयांनी अभ्यासक्रमात पी-फाइव्ह-जेएस किंवा अ‍ॅनिमे-जेएस शिकवताना परीक्षेला एक प्रश्न असा ठेवावा: लायब्ररीच्या मूळ कोडमधले एक ईझिंग-सूत्र वाचा, समजावून सांगा आणि त्यात एक बदल करून दाखवा. दुसरा प्रश्न ठिपक्यांच्या रांगोळीचा किंवा कोलमचा असावा. नियम लिहा आणि रेषा पडद्यावर काढून दाखवा. पन्नास वर्षांपूर्वी तांबरममध्ये जे संशोधन होते ते आज पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला पेलू शकते, कारण साधने खुली झाली.

आणि ज्यांना मराठी येते त्यांच्याकडे वेगळी मागणी आहे. पी-फाइव्ह-जेएसच्या दस्तऐवजांचे हिंदी भाषांतर स्वयंसेवकांनी केले. मराठीचे काम कोणी अडवलेले नाही. देवनागरी अक्षरांच्या वळणांची माहिती खुल्या परवान्याखाली गोळा करता येईल. वापरत असलेल्या लायब्ररीत जोडाक्षर तुटताना दिसले तर दोषाची नोंद करता येईल, आणि जमल्यास दुरुस्तीही पाठवता येईल. आपल्या लिपीची काळजी दुसरा कोणी आधी घेणार नाही. वाचकहो, कोड उघडा आहे आणि परवानगी आधीच लिहून दिलेली आहे. हे काम आपले आहे. आपणच हाती घेऊ या.